प्लेबॅक चालू, कविराज गप्प

पॉप गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याला व्हिडिओच्या शूटिंगला बोलावण्याची पद्धत नाही. मला बोलावलं ते शब्दांसाठी नव्हे, मापासाठी. गायिकेच्या मागे गिटार घेऊन उभा राहणारा माणूस ऐन वेळी आला नाही आणि त्याच्यासाठी शिवलेलं चंदेरी जाकीट मला बसत होतं. मला गिटार वाजवता येत नाही, असं मी दिग्दर्शकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "उत्तम! ज्यांना येतं ते उगाच बरोबर वाजवत बसतात." मग मी म्हटलं, की आपल्या गाण्यात गिटारच नाहीये. आमचं सगळं संगीत एका मुलाने लॅपटॉपवर तयार केलं होतं. त्यावर दिग्दर्शकाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कविराज, लॅपटॉपसमोर बसलेला मुलगा बघायला कोण येणार?"

गिटारला वायर नव्हती. शेजारच्या ड्रमवाल्याच्या झांजांना कापड गुंडाळलं होतं, कारण खरा आवाज झाला की प्लेबॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेलं गाणं, ऐकू येत नाही. म्हणजे ज्या वाद्यातून आवाज यायचा नाही अशीच वाद्यं तिथे चालत होती, आणि त्या हिशेबाने मी अगदी योग्य जागी होतो.

सिनेमाच्या सेटवर टेक सुरू झाला की टाचणी पडलेली ऐकू येते म्हणतात. इथे आवाज रेकॉर्डच करायचा नसतो. त्यामुळे टेक चालू असताना सगळेच मोकळेपणाने बोलतात. "तुझ्या सावलीने माझं ऊन नेलं" ही माझी त्यातल्या त्यात बरी ओळ. गायिका ती डोळे मिटून म्हणत असताना दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत होता, "हनुवटी वर! अजून दुःखी! डावीकडचा धूर वाढवा! गिटार, तू दुःखी होऊ नकोस, तू मस्तीत आहेस!" गाण्याचा नायक मेल्यातच जमा आहे, मी मस्तीत का असावं, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि यंत्रातला धूर घशात गेला. तो खोकला संकलकाला फार आवडला म्हणे. 'एनर्जी' आहे म्हणाला.

गाणं सलग चित्रित होत नाही. एक ओळ, मग तीच ओळ जवळून, तीच डावीकडून, तीच दुसऱ्या कपड्यांत. दुपारपर्यंत स्वतःची ओळ इतकी ऐकली, की ती दुसऱ्या कुणाची तरी असती तर मी तिला नावं तरी ठेवू शकलो असतो, असं वाटायला लागलं.

खरी मजा स्लो मोशनची. पडद्यावर केस संथ उडताना दिसतात आणि ओठ मात्र गाण्याबरोबर बिनचूक हलतात, हे मला आजवर नैसर्गिक वाटत होतं. त्यामागचा हिशेब असा: कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, टिपतो आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. गाणाऱ्याने त्याच वेगाने ओठ हलवायचे. मग ते चित्रण २४ च्या वेगाने दाखवलं, की ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात आणि बाकीचं जग निम्म्या गतीने चालतं. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. प्रत्यक्षात स्पीकरमधून माझं विरहगीत एखाद्या चिडलेल्या खारीच्या आवाजात बाहेर पडत होतं आणि गायिका डोळ्यांत पाणी आणून, धापा टाकत, त्या खारीच्या मागे धावत होती. पंख्यासमोर उभा राहून मी वायर नसलेली गिटार दुप्पट वेगाने खाजवत होतो. सेटवरची बहुतेक मंडळी तोंडं फिरवून हसत होती. एकाने फोन काढून चित्रणही केलं. त्याच्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

गायिकेने कुरकूर केली तेव्हा दिग्दर्शकाने इतिहास काढला. २००२ साली कोल्डप्ले या बँडच्या 'द सायंटिस्ट'च्या व्हिडिओत सगळं उलटं चालत होतं, म्हणून त्यांचा गायक ख्रिस मार्टिन अख्खं गाणं उलटं म्हणायला शिकला. १९८६ साली 'स्लेजहॅमर' या गाण्याच्या व्हिडिओसाठी गायक पीटर गॅब्रिएल १६ तास काचेखाली पडून राहिला. "आणि तुम्हाला नुसतं भरभर गायला सांगितलं तर दम लागतो!" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या दिग्दर्शकांनी गिटारवादक म्हणून गीतकाराला उभं केलं नव्हतं, एवढं मला म्हणायचं होतं. नाही म्हटलं. धूर होता.

संकलनानंतर मी व्हिडिओत उरलो तो फ्रेमच्या उजव्या कडेला, एक कोपर आणि अर्धं जाकीट एवढा. तेही आडव्या व्हिडिओत. फोनसाठी उभी आवृत्ती काढली तेव्हा दोन्ही बाजू छाटल्या गेल्या आणि कोपरही गेलं. हल्ली उभीच जास्त बघतात.

निर्माते मात्र निश्चिंत होते. त्यांच्याकडे 'आ-हा' या नॉर्वेच्या बँडचा दाखला होता. त्यांचं 'टेक ऑन मी' हे गाणं १९८४ मध्ये आलं तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करून आणलं, पेन्सिलने काढलेल्या चित्रांतून माणसं जिवंत होतात असा व्हिडिओ केला आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. "व्हिडिओ चांगला असला की गाणं चालतंच," हा त्यांनी काढलेला निष्कर्ष. ते गाणंही चांगलं होतं, हा मुद्दा बैठकीत कुणी काढला नाही आणि माझ्या तोंडून तो शोभला नसता.

व्हिडिओ प्रकाशित झाला. एके काळी यूट्यूबवर व्ह्यूजचा आकडा ३०१ वर येऊन अडून बसायचा. पुढचे बघणारे खरे की खोटे हे तपासेपर्यंत तो हलायचा नाही. २०१५ मध्ये ती पद्धत बंद केली. मला याचं फार वाईट वाटतं. आमचा आकडा रेंगाळला तेव्हा "तपासणी चालू असेल" असं म्हणायचीही सोय उरली नव्हती. दुसरीकडे २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' हे कोरियन गाणं २,१४,७४,८३,६४७ व्ह्यूजच्या पुढे गेलं आणि एवढे आकडे मोजायची तयारी नव्हती म्हणून यूट्यूबला मोजणीची मर्यादाच वाढवावी लागली होती. आमच्यामुळे तसा ताण कुणावर आला नाही.

जाहिरातीचे पैसे मिळायला चॅनलला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं दर्शन लागतं. मी कागद घेऊन बसलो. साडेतीन मिनिटांचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ६८ हजारांहून जास्त वेळा बघितलं जायला हवं. माझ्या मावशीने आपल्याकडून हातभार लावला. पण ती कोपर आलं की थांबवते, त्यामुळे तासांत विशेष भर पडली नाही. मधल्या काळात निर्मात्यांनी काळ्या पडद्यावर नुसते शब्द सरकणारी एक आवृत्ती टाकली. संध्याकाळभरात, जवळपास फुकटात झालेली. तिला मुख्य व्हिडिओपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले. तिच्यात 'ऊन'चं 'उन' आणि 'विरह'चा 'विहार' झाला होता. विहारामुळे गाणं जरा हलकंफुलकं झालं, अशी प्रतिक्रिया मला दोघांनी आवर्जून कळवली.

आणि मग ते सेटवरचं फोनमधलं चित्रण बाहेर आलं. खारीच्या आवाजातलं विरहगीत, धापा टाकणारी गायिका, मागे बेभान गिटार. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्या आवाजावर पोरं नाचली, मांजरं नाचवली गेली, जिम चालवणाऱ्यांनी त्यावर वजनं उचलली. माझा एकही शब्द कळत नव्हता आणि गाण्याची पहिल्यांदाच स्तुती चालली होती. वेग वाढवलेल्या आवृत्त्या हल्ली मोठ्या कंपन्याही स्वतःच काढतात, म्हणून निर्मात्यांनीही घाईघाईने 'अधिकृत वेगवान आवृत्ती' काढली.

मी परत कागद घेतला. गाणं आता पावणेदोन मिनिटांचं. ते १ लाख ३७ हजारांहून जास्त वेळा बघावं लागेल. शॉर्ट्सच्या, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४,००० तासांत धरतच नाहीत. त्यांच्यासाठी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज अशी वेगळी अट आहे, आणि आमची खार नाचत होती ती सगळी इतरांच्या चॅनलवर. हे मी बैठकीत मांडलं. निर्मात्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचं गाणं मुळातच दुप्पट वेगाचं करायचं ठरवलं.

दिग्दर्शकाची हरकत नव्हती. फक्त स्लो मोशन तो सोडणार नाही म्हणाला. म्हणजे सेटवर ते चौपट वेगाने वाजेल. गायिकेने दम वाढवायला पोहणं सुरू केलंय.