पत्र तीनदा वाचावे, मग जाळावे

नव्या मुलखात थोर पुरुष व्हायची आपली इच्छा असेल, तर अमेरिकेतल्या टेनेसीच्या विल्यम ब्लाउंट यांचा कित्ता गिरवावा. १७८३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने पश्चिमेकडच्या जमिनी विक्रीला काढल्या, तेव्हा तेथे ऊठबस असलेल्या ब्लाउंट बंधूंनी लाखो एकरांची बेगमी सुरू केली. त्या रानात चेरोकी ही मूळनिवासी जमात आधीपासून नांदत होती, पण सातबारावर नाव नसलेल्या माणसाचा आपण तरी कुठे विचार करतो?

कोठेही सही करताना अंग राखावे. १७८७ च्या राज्यघटनेवर ब्लाउंट यांनी सही केली, ती मसुदा मान्य म्हणून नव्हे, तर उपस्थित राज्यांनी तो एकमताने स्वीकारला याची साक्ष म्हणून, असे त्यांनी आधीच बजावले होते.

पुढे जमीन जेथे घेतली तेथलेच राज्यपालपद मिळवावे. १७९० मध्ये ते राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी त्यांना दिले आणि स्थानिक जमातींशी वाटाघाटी करण्याचे कामही सोबत सोपवले. साहजिकच, १७९१ च्या होल्स्टन तहात चेरोकींनी विस्तीर्ण प्रदेश सोडला आणि त्यांच्या पदरात वर्षाला एक हजार डॉलर पडले.

जमिनीचे भाव कोसळू लागले, तर मात्र परराष्ट्र धोरण स्वतःच्या हाती घ्यावे. पश्चिमेकडचा लुइझियाना हा मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे गेला, तर न्यू ऑर्लिन्सचे बंदर बंद होऊन आपली जमीन मातीमोल होईल, या धास्तीने सिनेटर ब्लाउंट यांनी तो मुलूख इंग्रजांच्या हाती देण्याचा घाट घातला. त्यासाठी एप्रिल १७९७ मध्ये त्यांनी केरी नावाच्या दुभाष्याला पत्र लिहिले आणि ते तीनदा वाचून जाळून टाकण्याची सूचनाही त्यातच लिहिली. पत्र जळले नाही. ते फिरत फिरत राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांच्या टेबलावर आले. ३ जुलैला सिनेटमध्ये त्याचे वाचन झाले, तेव्हा ब्लाउंट बाहेर फिरायला गेले होते. परतल्यावर त्यांना ते पुन्हा ऐकवले गेले आणि अध्यक्षस्थानी असलेल्या जेफर्सन यांनी विचारले, हे आपलेच का? ब्लाउंट यांनी मुदत मागितली. अशा वेळी आपणही तेच करावे. एवढ्याशा प्रश्नाला घाईने उत्तर कशाला द्यायचे?

पंचवीस विरुद्ध एक मताने सिनेटने त्यांना काढले. महाभियोगही चालला, पण जानेवारी १७९९ मध्ये हा खटला आपल्या अधिकारकक्षेत बसत नसल्याचे सिनेटने ठरवले. तोवर टेनेसीच्या मतदारांनी त्यांना राज्याच्या सिनेटवर निवडून दिले होते आणि तेथल्या सभासदांनी त्यांना सभापतीच्या खुर्चीत बसवले होते.