टाके नसले तरी धोका असतो: चेहऱ्याच्या सर्जरीबद्दल फिरणाऱ्या दाव्यांना उत्तर

मोबाइलवर फिरणारा दावा असा: 'चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी वरवरची असते. तासाभरात घरी, दुसऱ्या दिवशी वावरात. फिलर म्हणजे तर नुसती सुई, त्यात धोका नाहीच.' (फिलर म्हणजे चेहऱ्याला भरीवपणा आणायला सुईने कातडीखाली टोचतात ते द्रव्य.)

वरवरची? नाक सरळ करताना अनेकदा हाड कापावं लागतं, कूर्चा (नाकातलं मऊ हाड) तासावी लागते. मधल्या पडद्याला भोक पडू शकतं, श्वासाला कायमचा अडथळा येऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी वावरात जाणं तर शक्यच नाही. नाकावरची पट्टी साधारण आठवडाभर असते. वाकून निंदण, पोती उचलणं तीन-चार आठवडे बंद, कारण त्याने चेहऱ्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि जखम पुन्हा वाहू लागते. फेसलिफ्टमध्ये (चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवण्याच्या सर्जरीत) कातडीखाली रक्त साचण्याची भीती पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त, बीपी असलेल्यांना अधिकच. त्या रात्री एसटीने गावी परतू नका.

सर्वांत घातक दावा सुईचा आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं की पुढचा रक्तपुरवठा तुटतो. नाक आणि दोन भुवयांमधली जागा विशेष धोक्याची, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमन्यांना जोडलेल्या असतात. कातडी पांढरी पडणं, जाळीसारखे निळसर डाग, असह्य दुखणं, अंधुक दिसणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी सुई थांबवायची. हायलुरॉनिक आम्लाचं फिलर असेल तर हायलुरॉनिडेज टोचून ते विरघळवता येतं. सिलिकॉन विरघळत नाही. डोळ्याच्या पडद्याला रक्त मिळालं नाही तर साधारण दीड तासात नजर कायमची जाऊ शकते, आणि तातडीने उपचार करूनही ती परत येईलच असं नाही. गडचिरोलीहून नागपूर गाठायलाच तीन तासांच्या वर लागतात. म्हणून तालुक्याच्या पार्लरमध्ये किंवा लॉजवरच्या शिबिरात फिलर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सुई टोचण्याआधी विचारा: कोणतं फिलर, हायलुरॉनिडेजची कुपी इथे आहे का, डॉक्टरची पदवी एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरीची आहे का?

दाव्यात खर्ऱ्याचा उल्लेखही नाही. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, फेसलिफ्टनंतर कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. विडी आणि खर्रा सर्जरीच्या आधी चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे बंद हवा.

सिकल सेलचंही तसंच. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. रुग्णाला भूल देताना ऑक्सिजन कमी पडला, शरीर गार झालं किंवा पाणी कमी झालं तर वेदनेचा झटका येऊ शकतो. तपासणीचा रिपोर्ट भूलतज्ज्ञाला आधीच दाखवा. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या.