म्हणे एका पगारात घर चालायचं

प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक तरी काका असतातच, "आमच्या वेळी एका पगारात सात माणसं जेवायची, तुम्ही दोघं कमावता तरी महिनाअखेरीला रडता, ते बाहेरून मागवणं बंद करा आधी." डोकंच फिरतं माझं हे वाचून.

अहो काका, चालायचं कारण मुंबईत 1947 च्या भाडे कायद्याने चाळीतल्या खोल्यांची भाडी 1940 च्या दरांवर गोठवलेली होती. पोरं अनुदानित मराठी शाळेत शिकली, फी किती होती ते तुम्हाला आठवतपण नसेल. रेशनवर साखर, पामतेल, रॉकेल मिळायचं. आणि एक पगार कसला हो? काकू पहाटे उठून पाणी भरायच्या, दळण, पापड, कुरडया, मसाले, फराळ, शिवणकाम, वर अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं, ते कुठल्या हिशोबात धरलंत? आज यातलं एकेक काम विकत घ्यावं लागतं, कारण त्या काकूंची सून सकाळी सव्वाआठची लोकल पकडते. ती लोकल पकडते म्हणून घराचा हप्ता जातो, चैन म्हणून नाही जात ती.

त्यात घरखर्चाच्या सरकारी सर्व्हेचे आकडे नाचवतात. शहरी घरात 1999-2000 ला खर्चातला 48 टक्के भाग खाण्यावर जायचा, 2023-24 ला 40 च्या आत आला, म्हणजे बघा लोक कसे सुखी झाले! (मधला 2017-18 चा सर्व्हे करून जाहीरच केला नाही, त्यावर कोणी बोलत नाही.) खाण्याचा वाटा कमी झाला हे खरंय, पण उरलेला पैसा आमच्या खिशात राहिला का? तो शाळेची व्हॅन, क्लास, मेडिक्लेम, मेंटेनन्स, पेट्रोल यात गेला. आणि त्याच सर्व्हेत शहरातलं घरभाडं एकूण खर्चाच्या सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास दिसतं, हे वाचून तर मला ओरडावंसं वाटलं, कारण त्या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारेपण धरलेत, त्यांचं भाडं शून्य. आम्ही भाड्याने होतो तेव्हा एका पगाराचा अर्धा भाग भाड्यात जायचा, दर अकरा महिन्यांनी वाढ आणि एजंटचं ब्रोकरेज वेगळं.

पाण्याचं तर बोलायलाच नको. पुण्याच्या कडेची गावं 2017 आणि 2021 मध्ये महापालिकेत घेतली, आमचं त्यातलंच. टॅक्स पालिकेला भरतो आणि सोसायटी रोज टँकर मागवते, उन्हाळ्यात रेट वाढला की मेंटेनन्स वाढतो. म्हणजे एकाच पाण्याला दोनदा पैसे, वर पिण्यासाठी फिल्टर, त्याचं सर्व्हिसिंग. हे काकांच्या वेळी नळाला यायचं ना? मग याला उधळपट्टी कशी म्हणता?

शाळेचं तेच. फी वेगळी, "अ‍ॅक्टिव्हिटी" वेगळी, पुस्तकं त्यांच्याच काउंटरवरून घ्यायची, बूटसुद्धा त्यांनी सांगितलेल्या दुकानातले. आणि ज्या मराठी शाळेत पाठवायला मी आनंदाने तयार होते तिथे वर्गाला शिक्षकच पुरेसे नाहीत, तर पाठवू कुठे?

आणि मोबाईलचा रिचार्ज कृपा करून चैनीत धरू नका. पोरीचा होमवर्क त्यावर येतो, टँकर किती वाजता येणार ते त्यावरच कळतं, आणि फी भरायची लिंक पण शाळा त्यावरच पाठवते, उशीर झाला तर दंडासकट.