कारण : बेटर ऑपॉर्च्युनिटी

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. "परवा एक्झिट इंटरव्ह्यू आहे. सगळं सांगून टाकू का गं?" एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे नोकरी सोडताना ‘का जाताय’ हे विचारायला कंपनीचा एचआर विभाग घेतो ती मुलाखत. मी टाइप करत न बसता सरळ फोन लावला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हे सांगून टाकणं मला एकदा महागात पडलंय. म्हणजे मला नाही, दुसऱ्यालाच.

पहिली नोकरी सोडताना मी आदल्या रात्री कागदावर मुद्दे काढून गेले होते. समोर एचआरची मुलगी, माझ्याहून लहानच. "मोकळेपणाने बोला हं, हे आपल्यातच राहील." झालं, मी सुटले! मॅनेजर रात्री अकराला मेसेज टाकतो, रजा मागितली की तोंड वाकडं करतो, अप्रेझलच्या मीटिंगमध्ये कौतुक करतो आणि रेटिंग भलतंच देतो. चाळीस मिनिटं मी बोलत होते. ती मान डोलावत होती, मध्ये मध्ये टाइप करत होती. शेवटी नाव आणि तारीख तपासायला तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘नोकरी सोडण्याचं कारण’ या रकान्यात सात-आठ पर्याय होते आणि तिने निवडला होता ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’.

तेव्हा डोकंच फिरलं होतं. पण ती तरी काय करणार? त्या यादीत ‘मॅनेजर’ असा पर्यायच नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण बोलण्याच्या ओघात मी एक उदाहरण देऊन बसले होते. वडिलांचं ऑपरेशन असतानाही टीममधल्या एकाला रजा नाकारली होती. नाव घेतलं नाही, म्हणून मी निर्धास्त. टीम सहा जणांची. त्या वर्षी कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं हे चहा देणाऱ्यालासुद्धा माहीत होतं.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "तू जाताना काही बोलली होतीस का?" मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "माझ्याबद्दल तक्रार असेल तर थेट माझ्याकडे का येत नाहीस?" त्याने तक्रार केलीच नव्हती. मी केली होती, त्याच्या वतीने, त्याला न विचारता. मी नव्या ऑफिसात, नव्या खुर्चीत, आणि ऐकून घेत होता तो. त्याच्या पुढच्या अप्रेझलचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून ‘जाताना काय घाबरायचं, आता आपलं कोण काय वाकडं करणार’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. तुमचं कुणी काही करणार नाही, खरंय. (तेही पूर्ण खरं नाही. फुल अँड फायनल म्हणजे पैशांचा शेवटचा हिशेब, रिलीव्हिंग लेटर आणि उद्याचा रेफरन्स अजून त्यांच्याच हातात असतो.) पण मागे राहिलेल्यांचं काय?

आणि ‘आपल्यातच राहील’ हे एचआरचं सौजन्य असतं, वकिलाने अशिलाला दिलेला शब्द नव्हे. तिचा पगार कंपनी देते. ऑनलाइन निनावी फॉर्मचीही तीच गत. वर नाव नसतं, पण खाली विभाग, हुद्दा आणि किती वर्षं काम केलं ते विचारतात. मग निनावी राहिलं काय?

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जायचं किंवा आवाज उठवायचा. निघून जाणं सोपं झालं की आवाज उठवणारे कमी होतात. एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे पहिल्या वाटेने दारापर्यंत पोचलेल्याला थांबवून दुसऱ्या वाटेची चौकशी करणं. हीच मीटिंग राजीनाम्याच्या सहा महिने आधी का होत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून ‘सगळं छान होतं, खूप शिकायला मिळालं’ म्हणून निघायचं का? नाही, तेही मला पटत नाही. एका टीममधून वर्षात चौथा माणूस जातो आणि चौघंही कामाच्या वाटपाबद्दल तेच बोलतात, तेव्हा वरच्या कुणाला तरी जाग येऊ शकते. मी तिला म्हटलं, नोकरीत असताना मेलवर किंवा मीटिंगमध्ये जे बोललीस तेच पुन्हा बोल. नवीन माणसाला लॅपटॉप तीन आठवडे मिळत नाही, सहा जणांचं काम तिघांवर आहे, असलं. मॅनेजर माणूस म्हणून कसा आहे याचा निकाल देत बसू नकोस. उदाहरण द्यायचं तर फक्त स्वतःचं. छळ किंवा पैशांची अफरातफर असेल तर ती या गप्पांत घालवायची नाही. ती लेखी तक्रार, योग्य समितीकडे, शक्यतो नोकरीत असतानाच, आणि पोच घेऊन.

काल तिचा फोन आला. वीस मिनिटांत आटपलं म्हणाली. उठण्याआधी तिने एचआरला टाइप केलेलं वाचून दाखवायला लावलं. एका ओळीत आलं होतं, ‘टीममधल्या इतर महिलांनाही हाच अनुभव.’ ती ओळ तिने तिथल्या तिथे खोडायला लावली. तिच्या टीममध्ये तिला धरून बायका दोनच.