ज्या दिव्यांखाली नाचलात, ते कुणी जोडले?

काल नाशिकच्या कॉलेज रोडच्या टपरीवर कटिंग हातात यायच्या आधीच भांडण पेटलं. विषय अर्थात फ्रेशर्स पार्टीचा तो व्हिडिओ: लॅपटॉप उघडून बसलेल्या एका पोराला नाचायला ओढून मधे नेलं आणि मोबाइलवर शूट केलं, तो. सगळ्यांनी पाहिलाय.

"भो, पार्टीला यायचं आणि लॅपटॉप उघडून बसायचं? मग घरीच बस ना!" बंड्या. गॅदरिंगचा हा स्वयंघोषित नृत्यदिग्दर्शक चहा मागतानाही खांदे उडवतो.

गौरी म्हणाली, "तो बसला होता, कुणाच्या पायात आला नव्हता. तुम्ही त्याला ओढून मधे नेलंत, गोल केलात आणि मोबाइल काढलेत. नाचायला बोलावतात तेव्हा हात पुढे करतात, कॅमेरा नाही."

"मजा रे नुसती..."

"कुणाची?"

बंड्याने चहात फुंकर मारली.

मला तर तिचं शंभर टक्के पटलं. स्टेजमागच्या एलईडी पट्ट्या ठेक्यावर उजळत होत्या ना, त्या त्याच पोराने बसवलेल्या. डीजेच्या स्पीकरपाशी माइकचा छोटा सेन्सर, त्याला जोडलेला आर्डुइनो (कोड टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), आणि सोल्डरिंगच्या नादात भाजलेलं बोट. लॅपटॉप उघडला होता तो पट्ट्या मधेच बंद पडू नयेत म्हणून. पार्टीला आलेला नव्हता कसा? अर्धी पार्टी त्याच्या वायरींवर चालली होती.

"पण कोडिंगवाल्यांना ताल नसतो, हे मान्य कर," बंड्याचं पालुपद.

यावर सोन्याने अल्गोरेव्ह काढलं. इंग्लंडात २०१२ पासून चाललंय. वाजवणारा सगळ्यांसमोर कोड लिहितो, तो मोठ्या पडद्यावर दिसतो, ओळ बदलली की ठेका बदलतो आणि लोक त्यावर नाचतात. बंड्याला पटेना. मग गौरीने मोबाइलच्या ब्राउझरमध्ये स्ट्रुडल उघडलं, कोड लिहून ठेका वाजवायची वेबसाइट, फुकट आहे, आणि एक ओळ टाकली. धम्‌ धम्‌ धम्‌ धम्‌. चाराचे आठ केले. टपरीवाले काका पातेल्यावर चमच्याने साथ द्यायला लागले. आणि बंड्याचे खांदे? सुटलेच!

"हे बघ, कोडवर नाचतोय!"

"ठेका आहे म्हणून नाचतोय. पण स्टेप नको का?"

"विसर्जनाला नाशिक ढोल घुमतो तेव्हा कोण स्टेप विचारतं रे? माझी आजीसुद्धा नाचते. तिचे गुडघे बघून कुणी रील करत नाही." गौरी थांबायला तयार नव्हती. "आणि रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा म्हणजे उडी मारायची वेळ आली तेव्हा काठावर कोण बसलं होतं? आम्ही काढला का व्हिडिओ?"

"मी काढलाय," सोन्या हळूच म्हणाला. "पण कुणाला पाठवला नाही अजून."

'अजून' ऐकताच बंड्याने झडप घातली. सोन्या पळाला थत्ते नगरच्या दिशेने, बंड्या मागे, आणि दोघांच्या चहाचे पैसे आमच्या डोक्यावर. काका हसून हसून ठसकले. गौरीने तेवढ्यात त्या पोराला फोन लावला होता, उद्या कट्ट्यावर ये म्हणून.