ऑर्डर घेत नाही

काल रात्री स्टेटसला एका रुमालाचा फोटो टाकला. क्रोशाचा, माझ्या हातचा पहिलावहिला. चौकोनी आहे म्हणायचं, पण एक कोपरा चक्क वर उचललेला, टेबलावर नीट बसतच नाही. आणि सकाळपासून मेसेज काय, तर "अय्या, ऑर्डर घेतेस का?" "इन्स्टावर पेज काढ ना." एकीने तर रेटही सांगून टाकला, 350 ला सहज जाईल म्हणे. अगं बाई, तो सपाट बसत नाहीये! कोण घेणारे, तुझी सासू?

डोकंच फिरलं. कुणाचे लाडू बरे झाले की लगेच क्लाउड किचन, दोन झाडं जगली की गार्डनिंगचं वर्कशॉप. नुसतं बसून काहीतरी करायची सोयच उरली नाही.

हे क्रोशाचं खूळ मला लागलं ते एका काकूंमुळे. नाव आजपर्यंत माहीत नाही. डोंबिवली फास्ट, लेडीज डबा, काकू रोज चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धं बूड हवेत, मांडीवर पिशवी आणि पिशवीत दोऱ्याचा गुंडा. ठाण्याला काय गर्दी चढते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ओढणी खेचली जातेय, कुणाची पर्स डोक्याला लागतेय, दारात भांडण जुंपलंय आणि यांची सुई चालूच. ओठ हलतायत, टाके मोजतायत, साखळी, खांब, खांब, साखळी. एक दिवस ठाणे सुटल्यावर मध्येच थांबल्या. मोजलं, परत मोजलं. चार ओळी खाली एक खांब कमी पडला होता. मला वाटलं ढकलतील पुढे. तर बाईंनी सर्रकन दोरा ओढला आणि चारही ओळी उसवल्या, दोन दिवसांचं काम! माझ्याच पोटात गोळा आला. म्हटलं, काकू, अहो कुणाला कळलं असतं? तर म्हणतात, "दादर यायला वेळ आहे की अजून."

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात फोकसवर ट्रेनिंग झालं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, 25 मिनिटं काम करा, 5 मिनिटं ब्रेक घ्या. सांगणारा स्वतः दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळात मेसेज बघत होता. मला सारख्या त्या काकू आठवत होत्या, त्यांना कुणी दिली होती दुसरी खोली? (ते 25 मिनिटांचं जमतं बरं का, रिपोर्टच्या दिवशी मीही करते. असो.)

आता म्हणाल, ज्यांना गरज आहे त्यांनी विकू नये का. विका ना! 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, त्यांच्यापुढे मी हात जोडते. ते काम होतं, कामाचे पैसे मिळायलाच हवेत. पण मला पगार आहे आणि बॉसही आहे, एक पुरे झाला.

आणि हे मी उगाच नाही बोलत. लॉकडाऊनमध्ये केकच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. इतकी हौस होती मला केकची, काय सांगू. चार महिन्यांत ओव्हनकडे बघवेना, आता लेकीच्या वाढदिवसालाही केक बाहेरून येतो. तिने एकदा विचारलं, आई तू का नाही करत गं? काय सांगणार तिला.

काकू लॉकडाऊननंतर दिसल्याच नाहीत. रिटायर झाल्या असतील. एकदा विचारलं होतं, एवढ्या रुमालांचं करता काय? तर हसून म्हणाल्या, कपाटात आहेत.

माझ्या रुमालाचा तो कोपरा वर का आलाय सांगू? तिथे मी खांब चुकले होते. कळलंही होतं, पण उसवायचा धीर झाला नाही, तसंच रेटलं. आज येताना घाटकोपरला बसायला मिळालं, पिशवीतून काढला आणि शेवटाकडून उसवायला घेतला. त्या चुकीपर्यंत पोचायला अजून पाच ओळी आहेत. तेव्हा 350 वाल्या मैत्रिणी, फोटोतला रुमाल आता उरलेलाच नाहीये गं.