म्हशीनं चघळलेला शर्ट

सकाळी नऊ वाजता, भर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळणाऱ्या दिवसांत, मी आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाखाली नुसत्या बनियनवर उभा होतो. बनियनला डाव्या काखेत भोक. या गोष्टीला चार दिवस झाले, राग काही उतरत नाही.

दोष लिननच्या शर्टाचा. २,८०० रुपयांचा, मातकट, ढगळ. पुण्यात सहा वर्षं काढली की माणसाला असले रंग आवडायला लागतात. ४५ डिग्रीत याच्यासारखा कपडा नाही, पण नागपूरला ते कोण सांगणार? इथं मे महिन्यातल्या लग्नात नवरदेवाचे मित्र काळे थ्री-पीस घालून लॉनवरच्या कूलरपुढे ओळीनं उभे असतात. कपडा कडक पाहिजे. क्रीज अशी पाहिजे की तिनं टरबूज कापता यावं.

आमचे इस्त्रीवाले काका या पंथाचे मठाधिपती.

"थांबा जी. हे काय घालून राहिले?"

"लिनन आहे."

"असन. इस्त्री काऊन नाही?"

"याला करायची नसते, काका. चुरगळलेलाच चांगला दिसतो. स्टाइल आहे ती."

काकांनी कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं.

"स्टाइल तुमची अन् बदनामी माझी! तुमचे कपडे कोण करते, अख्ख्या गल्लीले माहीत आहे. परवा कोपऱ्यावरचे मास्तर विचारत होते, साहेबाचा शर्ट म्हशीनं चघळला काय म्हणून. काय सांगू मी त्याहीले?"

मी म्हटलं, कापडच तसं असतं. तिथंच चुकलो.

"कापड मले नका शिकवू जी. माझा बाप एम्प्रेस मिलमधी होता. १८७७ ची मिल, टाटानं काढलेली. तिथलं कापड असं, का माणूस बसला तरी कापड उभंच राहे."

आता त्या मिलच्या जागेवर मॉल आहे. तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. पण काका, राग मलाही येतो हो. ज्या गावानं एवढं कापड विणलं, तिथं साधा, एकरंगी सुती शर्ट शोधत मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सात दुकानं फिरलो. सातही ठिकाणी छातीवर सोनेरी वाघ काढलेला टी-शर्ट पुढे आला. "साधा" म्हटलं की दुकानदार कीव आल्यासारखा बघतो आणि मग शाळेच्या युनिफॉर्मकडे बोट दाखवतो.

"काढा," काका म्हणाले.

"काय?"

"शर्ट. पाच मिनिटं."

मी का काढला, मला अजून कळलेलं नाही. हिवाळी अधिवेशनात हेच काका कार्यकर्त्यांचे पांढरे कुर्ते पत्र्यासारखे करून देतात, त्यानं आवाजात एक वजन येत असावं. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून त्यांनी माझ्या २,८०० रुपयांवर पाणी शिंपडलं. चर्रर्र आवाज झाला.

तेवढ्यात एक स्कूटी थांबली. डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरा दुपट्टा, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. उन्हाळ्यात नागपूरची खरी फॅशन ही. आत कोण आहे, हे सख्ख्या सासूलाही सांगता येणार नाही.

"अय्या, तुम्ही! बरं नाही का?" दुपट्टा म्हणाला.

मी ओळखीचं हसलो. एक हात काखेवर. ती कोण, मला माहीत नाही. तिला मात्र माझं सगळंच माहीत झालं.

शर्ट परत मिळाला, बाह्यांना धार लावलेला. "पंधरा रुपये."

"रेट तर आठ आहे ना?"

"लिननले ताकद लागते जी."

ऑफिसात तिघांनी विचारलं, "आज काय विशेष? मस्त दिसून राहिले!" दोन वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. अकरा वाजेपर्यंत शर्ट मूळ पदावर आला होता.

संध्याकाळी घरी आलो तर बायको दारातच हसत होती. बनियनसकट सगळी बातमी पोचलेली. कोणी सांगितलं म्हणून विचारलं.

"कोण जाणे. तोंडाला दुपट्टा होता."

तेव्हापासून मी मागच्या गल्लीनं जातो. लांब पडतं, आणि तिकडे एकही झाड नाही.